किती सोडलं?

श्रावण लागला की आमच्या गल्लीत
कुणी कुणाला 'कसं काय' विचारत नाही.
'किती सोडलं?' विचारतात.
दूधवाला, समोरच्या बोहऱ्याचा पोरगा,
गॅलरीत दात घासत उभ्या खैरनारबाई.
किती सोडलं?
मग कुणीतरी मोबाइल डोळ्यांपासून लांब धरून वाचतं,
गंगापूरमधून साडेआठ हजार,
दुपारनंतर वाढवणार.

क्युसेक म्हणजे किती, मला अजून नीट माहीत नाही.
मला एवढं कळतं,
दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला पाणी लागलं
की गिरणीचा पट्टा उतरवायचा.
कमरेला लागलं की मोटार.
छातीला लागलं की, सासरे म्हणायचे,
आता उतरवायला काही उरलं नाही,
चहा टाक.

मोटार वर चढवायला साखळी लागते,
उत्तम लागतो
आणि उत्तमच्या तोंडच्या शिव्या.
त्याशिवाय ती तुळईपर्यंत जात नाही.
दगड मात्र जागचा हलत नाही.
त्याला हळदकुंकू लावायचं
आणि पाठ फिरवायची.

त्याआधी डबे.
आपला संसार मागून, लोकांचे डबे आधी.
पिंगळ्यांचा गहू, बोरस्त्यांची बाजरी,
थेटे मास्तरांची भाजणी,
नाव पुसलेलं एक पिंप, गेल्या दिवाळीपासून कुणी न्यायला न आलेलं,
तेही.

यंदा रात्री सोडलं.
लोकांना वाटतं गंगा दारातून येते.
ती मोरीच्या जाळीतून येते,
बुडबुडे काढत,
घसा खाकरून घरात शिरणाऱ्या म्हाताऱ्यासारखी.
घोटा. पिंढरी. वजनकाट्याचं ताट.
मग मी जिन्याकडे बॅटरी मारणं बंद केलं.
एकतीस डबे आणि आम्ही दोघं माळ्यावर.
कपड्यांना पीठ, पिठाला ओल.
खाली प्लास्टिकचं स्टूल रात्रभर
शटरवर टकटक करत राहिलं,
दळण न्यायला कुणी आल्यासारखं.
एकदा तर झोपेत मी म्हटलंही,
'थांबा, आले.'

गाळ ओला आहे तोवरच काढायचा.
वाळला की पहार लागते.
उत्तम खराट्यानं ओढत होता, मी घमेल्यानं,
तेवढ्यात जुलेखाबी दारात.
हातात तिचं ते पसरट लाकडी ताट.
'फेकू नका,' म्हणाली,
'सराफ बाजाराचं पाणी तुमच्याच दाराशी वळतं.
घमेल्याला वीस रुपये देते.'
दोन दिवसांत मी पहिल्यांदा हसले.
वीस रुपये! गंगेनं घर घातलं पाण्यात
आणि त्याचीही उधारी नाही, रोख!

हापशाशी बसून तिनं ताट हलवलं,
झोपाळ्यावरच्या मुलाला हलवावं तसं, बेतानं.
वाळू गेली.
बांगडीच्या काचा गेल्या, कुणाच्या शर्टाचं बटण,
फुगून मऊ झालेली ज्वारी,
आमच्याच पत्र्याचा गंज.
तळाशी अर्ध्या मोहरीएवढं काहीतरी उरलं.
तिनं बोट ओलं करून ते उचललं,
उन्हाकडे धरलं.
'सोनं आहे?'
'ते भट्टी सांगेल,' ती म्हणाली,
आणि दुसरं घमेलं ओढलं.

तिसऱ्या दिवशी वीज आली.
उत्तमनं मोटार खाली घेतली, शिव्या त्याच, क्रम उलटा.
दगड धुवायला घरची दोन किलो ज्वारी टाकली.
आधी घरघर, मग खोकला, मग तो ओळखीचा सूर.
पीठ आलं गढूळ, नदीच्या रंगाचं.
गायीनं हुंगलं आणि तोंड फिरवलं.
टाकवेना. अन्नच ते.
पिशवी घेऊन घाटावर गेले,
उरलेल्या चिखलातून पायरी चाचपत,
आणि हळूच पाण्यात रिकामी केली.

परत येताना गॅलरीतून खैरनारबाई,
तोंडात ब्रश, सवयीनं,
'किती सोडलं?'

'दोन किलो,' मी म्हटलं.